टायरच्या कडेवरची ओळ

१८५/६५ आर १५ ८८ एच. काळ्या रबरावर काळ्याच अक्षरांत उठवलेली ही ओळ आपल्या डोळ्यांसमोरून रोज जाते आणि न वाचलेलीच राहते. शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पेठेत किंवा बांबवड्याच्या बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही मोटारीपाशी वाकून पाहावे. लाल मातीच्या, वाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्याखाली अशीच एखादी ओळ असते. तिच्याकडे लक्ष जाते ते बहुधा एका हौसेच्या निमित्ताने. गाडीची लोखंडी डिस्क काढून अलॉय चाके बसवावीत, तीही एका इंचाने मोठी असावीत, असे मनात येते आणि दुकानदार विचारतो, ‘टायर कुठल्या मापाचा टाकायचा?’ त्या प्रश्नाचे उत्तर या ओळीतच आहे. तिच्यात क्रियापद नाही, विशेषण नाही. आहेत ते चार आकडे, एक तिरकी रेघ आणि दोन अक्षरे. पण इतक्या थोडक्यात इतका नेमका अर्थ साठवणाऱ्या ओळी कमीच. आपण ती एकेका पदापाशी थांबत वाचू या.

आरंभ रुंदीने होतो. १८५ ही फुगवलेल्या टायरची एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंतची रुंदी, मिलिमीटरमध्ये. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची नव्हे, तर सर्वांत फुगीर भागाची. हा आकडा वाढला की रस्त्यावर अधिक रबर टेकेल आणि गाडी अधिक घट्ट धरून चालेल, अशी आपली सहज कल्पना असते. वस्तुस्थिती त्याहून सूक्ष्म आहे. टायरचा जमिनीवरचा ठसा किती मोठा, हे मुख्यतः त्याच्यावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब ठरवतात. भार तोच, दाब तोच असेल, तर ठशाचे क्षेत्रफळही जवळपास तेच राहते. पालटतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा चालीच्या दिशेने लांबट, रुंद टायरचा आडवा आणि आखूड. कोरड्या रस्त्यावर वळण घेताना आडवा ठसा उपयोगी पडतो, स्टिअरिंगला तत्पर उत्तर मिळते. पण साचलेल्या पाण्यातून जाताना रुंद टायरला वाटेतले अधिक पाणी बाजूला सारावे लागते, आणि ते वेळेत सरले नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. आंबा घाटाच्या परिसरात आषाढ-श्रावणातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला रुंदीच्या या दोन चेहऱ्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. म्हणून १८५ चे १९५ करताना आपण दहा मिलिमीटर शोभा घेत असतो आणि पावसाळ्याशी दहा मिलिमीटरचा नवा करारही करत असतो.

त्यानंतर येते ती तिरकी रेघ, आणि तिच्यापलीकडे या ओळीचे हृदय: ६५. वरवर पाहता हा आकडा १८५ च्या शेजारी मिलिमीटर म्हणूनच बसला आहे असे वाटते. पण तो मिलिमीटर नाही, तो टक्का आहे. टायरची साइडवॉल, म्हणजे रिमच्या कडेपासून नक्षीपर्यंतची रबराची उंची, ही रुंदीच्या ६५ टक्के आहे, एवढेच तो सांगतो. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. या एका पदात किती विवेक आहे पाहा. उंचीला इथे स्वतंत्र अस्तित्व नाही. ती रुंदीच्या नात्यानेच सांगितली जाते. त्यामुळे रुंदी वाढवून टक्का तोच ठेवला, तर उंचीही आपोआप वाढते. १९५ चे ६५ टक्के १२० नव्हेत, १२७ होतात. ज्याला हे नाते उमगले, त्याला टायरचे माप निवडण्याचे अर्धे शास्त्र उमगले.

आणि ही १२० मिलिमीटरची उंची म्हणजे नुसती भिंत नव्हे. खड्ड्याची कड प्रथम सोसते ती हीच. स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर जागे होण्याआधी धक्क्याचा पहिला घास तिने घेतलेला असतो. वळणावर ती किंचित कलते आणि रस्त्याची जात, त्याची पकड, त्याचा ओलावा यांची वार्ता स्टिअरिंगवरच्या तळहातांपर्यंत पोहोचवते. ती उंच असली की गाडी मवाळ चालते, बुटकी असली की चपळ. सुख आणि चपळाई यांचा तोल एका टक्केवारीत मांडून ठेवणे, हे या ६५ चे सौंदर्य.

पुढचे अक्षर आर. ते सांगते की हा टायर रेडियल आहे: आतले धागे एका बीडपासून, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या कडेपासून, दुसऱ्या बीडपर्यंत सरळ, काटकोनात गेले आहेत आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे आहेत. जुन्या टायरांत धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदून जात, त्यामुळे साइडवॉल आणि तळ एकाच ताठपणाने बांधलेले असत. फ्रान्समधल्या मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल रचनेचे पेटंट घेतले आणि ही दोन कामे वेगळी झाली. तळाने पोलादाच्या बळावर सपाट, ठाम राहावे. साइडवॉलने मोकळेपणाने वाकावे. रेडियल टायरची बाजू जमिनीपाशी जराशी फुगलेली दिसते आणि हवा कमी आहे की काय असा भास होतो, तो याच मोकळेपणामुळे. आपल्याकडे लाकडी बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून लाल केलेली लोखंडी धाव चढवीत आणि वर पाणी ओतून ती आवळून घेत. धावेचे माप चुकले तर चाक एकतर खिळखिळे राही किंवा आरे पिळवटून जात. रबर आले, हवा आली, पोलादी तार आली. चाक आणि त्याची धाव यांचे माप परस्परांत बसलेच पाहिजे, हा कायदा मात्र तसाच राहिला.

मग १५. हे रिमचे माप, आणि ते चक्क इंचांत. एकाच ओळीत रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि व्यास इंचांत, असा तीन मापपद्धतींचा त्रिवेणी संगम इथे झाला आहे. ही विसंगती पुसण्याचाही प्रयत्न झाला. १९७५ मध्ये मिशेलिनने टीआरएक्स नावाचे टायर आणले, त्यांच्या रिमचा व्यास ३९० मिलिमीटर असा सांगितला जाई. पण जगाच्या हाताला आणि डोळ्याला इंचच सरावलेले होते, आणि इंचच टिकला. आपली हौस याच पदाशी निगडित असते. चौदाचे पंधरा, पंधराचे सोळा. चाकाच्या कमानीत रबर कमी आणि धातूची नक्षी अधिक दिसावी, गाडी अंगाने भरल्यासारखी, जमिनीवर पाय रोवून उभी असल्यासारखी वाटावी, ही इच्छा रास्त आहे. सुंदर दिसण्याची ओढ वाहनालाही असू द्यावी. पण १५ च्या जागी १६ लिहिले म्हणजे ओळ पुरी झाली असे नाही. आधीची दोन्ही पदे त्या बदलाला प्रतिसाद देतात की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

इथे या वाचनातला परमानंदाचा क्षण येतो. मारुतीच्या स्विफ्टच्या साध्या प्रकारांना १६५/८० आर १४ हा टायर येत असे, तर वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५. बलेनोच्या खालच्या प्रकारांना हाच १८५/६५ आर १५, आणि वरच्यांना १९५/५५ आर १६. ही मापे एकाखाली एक लिहून बेरीज करून पाहू. रीत सोपी आहे: साइडवॉलची उंची दोनदा, कारण ती रिमच्या वरही असते आणि खालीही, त्यात रिमचा व्यास मिळवायचा, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. चौदाच्या रिमला १३२ अधिक १३२ अधिक ३५५.६, एकूण ६१९.६ मिलिमीटर. पंधराला २४०.५ अधिक ३८१, एकूण ६२१.५. सोळाला २१४.५ अधिक ४०६.४, एकूण ६२०.९. रुंदी १६५ वरून १९५ वर गेली, टक्का ८० वरून ५५ वर उतरला, रिम दोन इंचांनी वाढला. आणि चाकाचा एकूण व्यास? दोन मिलिमीटरांच्याही आत स्थिर. पंधरावरून सोळावर जाताना तर पुरता एक मिलिमीटरही बदललेला नाही.

मात्रावृत्ताची गंमत ज्याने चाखली आहे, त्याला ही बेरीज पाहून ओळखीचा आनंद होईल. चरणात लघु किती आणि गुरू किती, याला मोकळीक असते. एका गुरूच्या जागी दोन लघु येतात, लय कधी संथ होते, कधी धावते. मात्रांची बेरीज मात्र ढळत नाही, आणि ती ढळत नाही म्हणूनच आतल्या वैविध्याला शोभा येते. मोठ्या चाकांसाठी टायर निवडणे ही नेमकी हीच कला आहे. रिमने एक इंच मागितला, तर साइडवॉलने वरून अर्धा आणि खालून अर्धा इंच सोडायचा. रुंदी दहा मिलिमीटरने वाढली, तर टक्का दहाने उतरवायचा. धातू वाढतो, रबर आटते, वर्तुळ मात्र तेच. चाक मोठे झाले असे आपण म्हणतो. खरे तर मोठा झालेला असतो तो रिम, आणि चाकाचा परीघ आपल्या जुन्या मर्यादेत राहूनच नटलेला असतो.

ही मात्रा चुकली तर काय होते? समजा कुणी १८५/६५ तसेच ठेवून फक्त १५ चे १६ केले. व्यास ६४६.९ होतो, म्हणजे चार टक्क्यांनी अधिक. गाडीच्या यंत्रणेला हे ठाऊक नसते. ती चाकाचे फेरे मोजते आणि प्रत्येक फेरा जुन्याच परिघाचा समजते. एरवी बहुतेक गाड्यांचे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा किंचित अधिकच दाखवतात. ती सुरक्षिततेची फट हा बदल गिळून टाकतो आणि गाडी दाखवल्याहून जोरात धावू शकते. प्रत्यक्षात १०४ किलोमीटर जाऊन प्रवास १०० चा नोंदला जाऊ शकतो. प्रत्येक गिअर थोडा उंच झाल्यासारखा होतो. सपाटीवर ते जाणवत नाही, पण भरल्या गाडीने साखरप्याकडून आंबा घाट चढू लागलो की दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दम टाकते. आणि पुढचे चाक पुरते वळवले, किंवा मागे तिघे बसले असताना गाडी गचक्याने खाली बसली, की चाकाच्या कमानीतल्या लायनरला टायर घासल्याचा आवाज येतो. व्यवसायात साधारणपणे तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असे सांगितले जाते. पण हाताशी अर्ध्या टक्क्याचे माप असताना तीन टक्क्यांचे का घ्यावे?

याच ठिकाणी एक मनोहर अपवादही पाहण्यासारखा आहे. मारुतीच्याच एर्टिगाला १८५/६५ आर १५ येतो, आणि तिच्याच कुळातल्या एक्सएल६ ला २०२२ पासून १९५/६० आर १६ मिळाला. त्याची बेरीज ६४०.४, म्हणजे तीन टक्क्यांनी अधिक. मग ही चूक का नाही? कारण तिथे उत्पादकाने तो टायर त्या गाडीसाठीच नेमलेला आहे. तेच माप शेजारच्या गाडीला कुणी नुसते हौसेने लावले तर तो स्वैर बदल ठरतो. माप स्वतःहून बरोबर किंवा चूक नसते. ते कोणाच्या अंगावर आहे, यावर त्याचे औचित्य ठरते. औचित्य हाच रसाचा प्राण, असे मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे पटवून द्यायला नको.

ओळीच्या शेवटी दोन पदे उरतात, आणि घाईत वाचणारा नेमकी तीच गाळतो. ८८ हा भाराचा संकेत: हा टायर ५६० किलो पेलतो. एच हा वेगाचा: ताशी २१० किलोमीटरपर्यंत. वेगाच्या या वर्णमालेत टी म्हणजे १९०, यू म्हणजे २००, व्ही म्हणजे २४०, आणि एच मात्र आपली जागा सोडून यू आणि व्ही यांच्या मध्ये येऊन बसला आहे; एस, एच, व्ही या जुन्या, मोजक्या श्रेणींची ती आठवण आहे. आपल्या रस्त्यांवर २१० चा प्रश्न येत नाही. ५६० चा येतो. आता आपल्या मालिकेतली सतराची ओळ घ्या: २०५/४५ आर १७. व्यास ६१६.३, फरक एका टक्क्याच्या आत, वृत्त शुद्ध. पण या मापाच्या साध्या टायरवर भाराचा संकेत ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. प्रत्येक चाकामागे ६० किलो कमी, चारही मिळून २४०. पाच माणसे, सामान, आणि परतताना गावाकडून घेतलेली तांदळाची पोती, असा आपला संसार ज्या गाडीतून फिरतो, तिने हे बळ गमावता कामा नये. याच मापात एक्सएल (म्हणजे वाढीव भाराचा) लिहिलेला, ८८ संकेताचा टायर मिळतो. मात्र तो सगळा भार पेलायला त्यात हवाही अधिक भरावी लागते. म्हणजे व्यास जुळला तरी ओळ पुरी जुळली असे होत नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायलाच हवे.

टायरवर लिहिलेल्या या ओळीला काही न लिहिलेले शब्दही जोडलेले असतात, ते रिमच्या अंगी असतात. रिमची रुंदी: १८५/६५ आर १५ ला साडेपाच इंचांची नेमकी, १९५/५५ आर १६ ला सहाची, २०५/४५ आर १७ ला सातची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या कुशी आत ओढल्या जातात आणि नक्षी मधोमध झिजते. पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास: स्विफ्ट-बलेनोला चार बोल्ट, १०० मिलिमीटर. ऑफसेट, म्हणजे रिमचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतले अंतर. ते कमी झाले की चाक बाहेर येते, दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर वेगळाच ताण आणणारे. मधल्या भोकाचा व्यास हबशी जुळला नाही तर मध्ये रिंग लागते, नाहीतर वेग घेताच स्टिअरिंग थरथरते. आणि चालकाच्या दारामागच्या खांबावर चिकटवलेली पट्टी म्हणजे तर या साऱ्या वाचनाची मूळ संहिता. उत्पादकाने मंजूर केलेली मापे आणि हवेचा दाब तिथे दिलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनाचा नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करू देत नाही. म्हणून आपल्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनीने जे माप दिले आहे ते निवडणे, हा हौसेचा सर्वांत निर्वेध मार्ग.

आता ही ओळ शाहूवाडीच्या रस्त्यावर म्हणून पाहू, कारण ओळीचा खरा अर्थ उच्चारात उतरतो. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या महामार्गावर बांबवड्यापासून मलकापूरपर्यंत रस्ता मोकळा पसरतो. तिथे सोळाचा रिम आणि १०७ मिलिमीटरची साइडवॉल सुखावतात, गाडी रेषेत धावते. पुढे आंब्याकडे निघालो की सह्याद्री जवळ येतो, धुके उतरते, वळणे सुरू होतात. गजापूरवरून विशाळगडाकडे वळलो, की जंगलातला अरुंद रस्ता, समोरून वाहन आले की एक चाक डांबराखाली उतरवणे, आणि तिथे जांभ्याची उघडी कड. त्या कडेला १०७ मिलिमीटर रबर जपून चालले तर पुरते. सतराच्या रिमचे ९२ मिलिमीटर मात्र फार वेळ पुरत नाहीत. रबर चिमटून साइडवॉलला फुगा येतो, अलॉयची कड दबते, आणि नवे टायर तिथेच थिटे पडतात. खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर बाद, हे नियम सांगतो. पण फुगा आलेली साइडवॉल नव्या खाचांसकटही बाद असते. म्हणून या मुलखात राहणाऱ्या गाडीसाठी निवडीचे तारतम्य स्पष्ट आहे. चौदावरून पंधरा: निःशंक. पंधरावरून सोळा: पट्टी पाहून, भाराचा संकेत जुळवून, आनंदाने. सतरा: ज्याच्या गाडीला शहराबाहेर पडायचे नाही, त्याच्यासाठी.

गाडीला एका इंचाची शोभा देताना तिचा वेग, तिची चढण, तिची पेलण्याची शक्ती यांतले काहीही हिरावले जाऊ नये, यासाठी कुणीतरी, कधीतरी, रुंदी आणि टक्का आणि इंच एका ओळीत बांधून ठेवले; आणि ती ओळ दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येक ग्राहकाच्या गुडघ्याशी, वाचता येईल अशी, मोफत लिहून ठेवली. साइडवॉलची उंची दोनदा, त्यात रिम. एवढा हिशेब ज्याला येतो, तो दुकानदाराच्या ‘बसतंय, चालतंय’वर अवलंबून राहत नाही. तो स्वतः माप सांगतो, भाराचा आकडा विचारतो, टायर चढल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून कुठे घासत नाही ना हे पाहतो, आणि मगच पैसे देतो. आपल्या हौसेला हिशेबाची जोड मिळाली की ती हौस टिकाऊ होते, आणि टिकाऊ हौसेचा आनंद घाटातल्या प्रत्येक वळणाला नव्याने मिळत राहतो.